मुलीला बाहेर काय काम?

(शिक्षिका आणि महिला गटांच्या कार्यकर्त्या यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावासमोर ‘शालेय मुलांसाठी पर्यावरण शिक्षण’ असा विषय छापला आहे. काल रात्री जेवताना मागच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं, “उद्या सकाळी झाडं लावा, झाडं जगवा आहे, जरा उशिरा उठलं तरी चालेल.” मी ऐकलं. राग नाही आला, कारण काही वर्षांपूर्वी मी त्या पंगतीत असते तर मीही हेच म्हणाले असते. आपण मारहाणीवर काम करतो, पोटगीवर करतो, रेशनवर, दारूवर करतो. त्यात शाळेतल्या मुलांना ओढ्याकाठी नेऊन पानंफुलं दाखवायची हा आपला विषय कसा? ज्यांच्या गळ्यात दुर्बीण आहे आणि ज्यांचा रविवार मोकळा आहे, त्यांनी ते करावं!

मी ह्या विषयात आले ती एका कागदामुळे. आमच्या भागातल्या एका शाळेत सातवीच्या वर्गाची क्षेत्रभेट ठरली होती. खाडीवर जायचं, तिवरांचं वन बघायचं, चिखलात उतरायचं, खेकडे-निवट्या बघायच्या आणि संध्याकाळी परत. वर्गात एकोणीस मुली, बावीस मुलगे. भेटीला गेले वीस मुलगे आणि सहा मुली. शाळेतल्या बाई आमच्या गटात येतात, त्यांनी हे सहज बोलता बोलता सांगितलं. आम्ही विचारलं, तेरा मुली का नाही आल्या? बाई म्हणाल्या, “संमतीपत्रच आलं नाही.” ते संमतीपत्र आम्ही मागून घेतलं. त्यावर लिहिलं होतं, ‘मी, खाली सही करणार, कु. .......... हिचा वडील/पालक’. आईला सही करायला जागाच नाही. तेरापैकी चार मुलींचे वडील कामाला बाहेरगावी होते आणि दोघींच्या आयांना नवऱ्यांनी टाकलेलं होतं. म्हणजे सहा मुली तर फक्त त्या कागदावरच अडकल्या होत्या. शाळेचं नाव मी सांगत नाही, कारण असा कागद ज्या-त्या शाळेत सापडेल. तुम्ही परत गेलात की आपापल्या गावातला काढून बघा.

उरलेल्या सात जणींच्या घरी आम्ही गेलो. कुणाकडे सहलीचे पैसे नव्हते. कुणाची धाकटी भावंडं सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. एकीला पाळी आली होती आणि खाडीवर आडोसा नाही हे तिला ठाऊक होतं. एका घरी ओसरीवर आजोबा बसले होते. त्यांना विचारलं, तर ते अगदी सरळपणे म्हणाले, “मुलीला बाहेर काय काम?” मग आम्ही विचारलं, ती आहे कुठे? म्हणाले, “लाकडाला गेलीय.” आम्ही तिथे बसून असतानाच ती आली. डोक्यावर मोळी, हातात कोयता, पाय गुडघ्यापर्यंत लाल. सकाळी सहाला निघाली होती, साडेदहाला परतली. जंगलात एकटी नव्हती, बरोबर दोघी होत्या, पण मोठं माणूस कुणी नाही.

त्या ओसरीवर बसून मला पहिल्यांदा कळलं की हा विषय आपला आहे. आजोबा खोटं बोलत नव्हते. मुलगी बाहेर जाते ती कामाला. काम असलं की अंतर, काटे, साप, परका माणूस, काही आड येत नाही. काम नसलं की मात्र ती ‘मोठी झाली’. मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की त्याचं जग वाढतं: नदी, मैदान, तालुक्याचा बाजार, मित्राच्या मोटारसायकलची मागची सीट. त्याच वयात मुलीचं जग आखडतं, घर ते विहीर, घर ते शाळा. कामाशिवाय बाहेर असण्याचा, नुसतं उभं राहून बघण्याचा हक्क तिला कुणी देत नाही. आणि पर्यावरण शिक्षण म्हणजे काय, तर पहिल्यांदा उभं राहून बघणंच की!

आता शाळेत हे शिक्षण कसं चालतं ते थोडक्यात सांगते, तुमच्यातल्या शिक्षिकांना ते पाठच आहे. एम. सी. मेहता ह्या वकिलांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितलं की शाळा-कॉलेजात पर्यावरण हा सक्तीचा विषय झाला पाहिजे. बारा वर्षं फारसं काही हललं नाही, तेव्हा २००३ साली न्यायालयाने राज्यांना पुन्हा खडसावलं. मग विषय आला, पुस्तकं आली, प्रकल्प आले. आपल्याकडे खालच्या वर्गांना ‘परिसर अभ्यास’ त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि नाव फार चांगलं आहे. पण परिसर वर्गाच्या खिडकीबाहेर आणि अभ्यास खिडकीच्या आत, अशी वाटणी झालेली आहे. प्रकल्प म्हणजे काय, तर फोटोकॉपीच्या दुकानात ‘पाणी प्रदूषण’ म्हटलं की तयार चित्रं मिळतात, ती कापून वहीत चिकटवायची. थर्माकोलवर बंदी आली २०१८ साली, तोवर ‘निसर्ग वाचवा’चे देखावेसुद्धा थर्माकोलचेच असायचे! शिक्षकांना मी दोष देत नाही. मतदारयाद्या त्यांनी करायच्या, खिचडीचा हिशेब त्यांनी ठेवायचा, आणि एक बाई दोन-दोन वर्ग सांभाळणार. अशा बाईला सांगायचं की मुलांना घेऊन रानात जा, हेही सोपं नाही. त्याबद्दल पुढे बोलते.

पण आपल्याच भागात, आपल्याच भाषेत, आणि बायकांनीच हे काम फार पूर्वी वेगळ्या तऱ्हेने करून दाखवलेलं आहे, त्याची आठवण मला आज करायची आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. भाषणात घेतोही. पण त्यांनी नेमकं काय केलं ते आपल्या मुलींना विचारून बघा, ‘बालशिक्षण’ एवढं एकच उत्तर येईल. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला समुद्रकाठी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, आणि त्याच वर्षी अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. लहानपणीच लग्न होऊन लगेच विधवा झालेली ही बाई, शिकली, शिक्षिका झाली आणि ह्या कामात आयुष्यभर राहिली. १९५७ साली केंद्र बोर्डीहून आत, कोसबाडच्या टेकडीवर गेलं. डहाणू तालुका, तेव्हाचा ठाणे जिल्हा, २०१४ पासून पालघर. सगळी वस्ती वारल्यांची. १९४५ हे सालही लक्षात ठेवण्यासारखं आहे. ह्याच पट्ट्यात, ह्याच साली गोदूताई परुळेकर आणि शामराव परुळेकर ह्यांच्या किसान सभेबरोबर वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. एकीकडे मोठी माणसं सावकाराच्या जमिनीवर फुकट राबायला नकार देत होती, आणि दुसरीकडे ताराबाई त्याच भागात शाळा काढायला निघाल्या होत्या.

कोसबाडला शाळा उघडली तरी मुलं येईनात. का येईनात? मुलगे गुरं राखायला जायचे. मुली धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर सांभाळायच्या. आपण असतो तर काय केलं असतं? पटनोंदणी पंधरवडा पाळला असता, घोषणा दिल्या असत्या, आईबापांना अडाणी म्हटलं असतं. ताराबाईंनी आधी बघितलं की मूल आत्ता आहे कुठे. ते कुरणात आहे, तर शिक्षिकेने कुरणात जायचं. गुरं चरताहेत, मुलं झाडाखाली, आणि शाळा तिथेच. ह्याचं नाव कुरणशाळा. मुलगी कडेवरच्या भावंडामुळे येत नाही, तर भावंडासकट यायला सांगायचं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवायची, म्हणजे तान्हं पाळण्यात राहील आणि बहीण वर्गात बसेल. ह्याला त्या विकासवाडी म्हणत. पाळणाघराची मागणी आपण चळवळीत बायकांच्या नोकरीसाठी केली. दहा वर्षांच्या मुलीच्या शाळेसाठी पाळणाघर लागतं, हे ताराबाईंना तेव्हा दिसलं होतं. आजही आपल्या मागण्यांच्या यादीत ते असं लिहिलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट. माँटेसरीचं साहित्य महाग, लाकडी, बाहेरून आणायचं. त्यांनी त्याच्या जागी बिया, शंख-शिंपले, खडे, पानं, काड्या आणल्या. मोजायला चिंचोके, लावायला दगड. गरिबीतून काढलेली पळवाट एवढाच त्याचा अर्थ नव्हे. मुलाच्या हातात त्याच्याच ओळखीची वस्तू आली की ते घाबरत नाही. वारली मुलाला शाळेतली भाषा परकी, भिंती परक्या, बाईंचं लुगडं नेसण्याची तऱ्हाही परकी. चिंचोका तेवढा परका नाही. आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द बघा. बालवाडी वस्तीत, घराच्या अंगणात न्यायची, ही कल्पना ताराबाईंची. पुढे १९७५ साली सरकारची बालविकास योजना आली आणि हा शब्द देशभर गेला. आमच्या तालुक्यातल्या बहुतेक अंगणवाड्यांना आज अंगण नाही. एक खोली, एक कुलूप, वजनकाटा आणि रजिस्टरं.

हे सगळं सांगताना मला एक अडचण वाटते, ती लपवत नाही. कुरणशाळा म्हटली की कुणीही म्हणू शकेल, “बघा, मुलं कामं करताहेत ते चांगलंच आहे, कामातूनच शिकताहेत.” ते आपल्याला चालणार नाही. गुरांमागे गेलेल्या मुलाला तिथेच चार अक्षरं शिकवली म्हणून त्याची गुराखीपणातून सुटका झाली असं होत नाही. मोळीवाल्या मुलीला ‘तू निसर्गाच्या किती जवळ आहेस’ असं म्हणणाऱ्या एका पाहुण्या बाईंचं भाषण मी ऐकलं आहे, आणि त्या मुलीचा चेहराही बघितला आहे. तेव्हा कुरणशाळेतून मी एवढंच उचलते: शाळेने आधी मूल जिथे आहे तिथे जावं, त्याला जे येतं ते ज्ञान म्हणून मोजावं, आणि मग त्याच्या डोक्यावरचं ओझं कमी करण्याची जबाबदारीही घ्यावी. पहिल्या दोन गोष्टी केल्या आणि तिसरी सोडली तर ते नुसतं कौतुक होतं.

आम्ही काय केलं ते सांगते. फार मोठं काही नाही, आणि सगळं जमलंही नाही.

पहिला पाऊस पडला की आमच्याकडे शेवळं येतात. जंगलातून बायका शेवळांच्या जुड्या आणून स्टेशनबाहेर बसतात, तुम्ही पाहिल्या असतील. आम्ही शाळेला म्हटलं, सहावी-सातवीची मुलं पाड्याच्या मागच्या रानात घेऊन जाऊ, आणि शिकवायला पाड्यावरच्या एका आजीला बोलावू. आजी आधी तयारच होईनात. “मी अंगठेवाली, मला कशाला शाळेत नेता,” म्हणाल्या. शाळेत नाही, रानात चला म्हटल्यावर आल्या. दोन तासांत त्यांनी मुलांना टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं दाखवली. टाकळ्याची पानं संध्याकाळी मिटतात, तेव्हा तो सकाळी खुडायचा. कुर्डूला तुरा यायच्या आत पाला घ्यायचा, नंतर जून होतो. शेवळाचा कंद खणायचा नाही, वरचा कोंब तेवढा घ्यायचा, म्हणजे पुढच्या वर्षी तिथे पुन्हा येतो. आणि शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून त्यात काकडं घालायची. काकडाच्या झाडाची ती आंबट फळं त्याच दिवसांत तयार असतात.

तिथे शाळेतल्या विज्ञानाच्या बाई पुढे झाल्या. त्यांनी मुलांना सांगितलं की शेवळात, आणि आपल्या अळूतही, सुईसारखे बारीक स्फटिक असतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे, ते घशाला टोचतात. आंबट घातलं की ती खाज कमी होते, म्हणून अळूला चिंच आणि शेवळाला काकडं. एक मुलगी पटकन म्हणाली, “म्हणजे आजीला विज्ञान येतं?” बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “हो, येतं. नाव तेवढं माहीत नव्हतं.” बाईंच्या ह्या उत्तराने मला फार बरं वाटलं. तरी मनात आलं की नावं आजीलाही माहीत होती, प्रत्येक झाडाचं नाव. पुस्तकातलं एक आणि पाड्यावरचं एक, अशी दोन-दोन नावं मुलांनी मग वहीत लिहिली. वारली घरातल्या मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा इतरांपेक्षा जास्त येत होतं, आणि बाकीची मुलं त्यांची वही बघून लिहीत होती.

आजीला आम्ही दिवसाची मजुरी द्यायची ठरवली होती, कारण त्यांचा एक रोज बुडाला होता. मुख्याध्यापक भले गृहस्थ, नाही म्हणाले नाहीत. पण पावतीवर त्यांनी लिहिलं ‘मदतनीस’. गेल्या वर्षी शहरातून एक निसर्ग अभ्यासक आले होते, त्यांच्या पावतीवर ‘तज्ज्ञ मार्गदर्शक’ होतं, ते आमच्या बाईंनी फाईल काढून दाखवलं. अर्धा तास वाद झाला. शेवटी सरांनी ‘मदतनीस’ खोडून पेनने ‘मार्गदर्शक’ केलं. ‘तज्ज्ञ’ लिहिलं नाही. आजींनी अंगठा उठवला आणि पैसे कनवटीला लावले. त्यांना ह्या वादात काही रस नव्हता, हेही सांगायला हवं.

दुसरा प्रयोग पाण्याचा. तो मात्र आमच्या अंगाशी आला.

पुस्तकात पाण्याचा धडा होता. दात घासताना नळ बंद ठेवा, शॉवरऐवजी बादलीने अंघोळ करा, अशा सूचना. सातवीतली एक मुलगी उभी राहून म्हणाली, “बाई, हे कुणासाठी लिहिलंय?” चांगला प्रश्न होता. त्या पाड्यावर आता नळ बसले आहेत, पण फेब्रुवारी संपला की त्यांना पाणी येत नाही, पुन्हा विहीर. आम्ही ठरवलं की ह्याच प्रश्नाचा धडा करायचा. वर्ग विहिरीवर नेला. एक हंडा भरून शाळेच्या तांदळाच्या काट्यावर ठेवला. आत बारा लिटर पाणी, म्हणजे बारा किलो, वर हंड्याचं वजन. विहिरीपासून पाड्यावरच्या मधल्या घरापर्यंत मुलांनी पावलं मोजली. चारशे वीस भरली, म्हणजे जाऊन-येऊन आठशे चाळीस. मुलींना विचारलं, सकाळी किती खेपा? कुणी चार म्हणाली, कुणी आठ. सहा धरल्या. मुलांनी फळ्यावर मांडलं: रोज सकाळी बहात्तर लिटर पाणी आणि पाच हजार चाळीस पावलं, त्यातली अर्धी डोक्यावर ओझं घेऊन. हे सगळं सात वाजायच्या आत, मग शाळा. गणिताच्या तासाला डुलक्या कोण देतं, हे बाईंनी त्या दिवशी आपणहून सांगितलं.

मग बाईंनी मुलग्यांना सांगितलं, प्रत्येकाने एक खेप आणायची. डोक्यावर, चुंबळ ठेवून. मुलगे हसले, पाणी सांडलं, दोघांनी तर अर्ध्यातच हंडा खाली ठेवला. हे एकदाच झालं. दुसऱ्या दिवशी शाळेत पाच-सहा पालक आले, सगळे बाप्ये. “आमच्या पोरांना पाणी भरायला लावता? शिकायला पाठवतो का पाणक्या व्हायला?” बाईंना वर तक्रार करण्याची धमकी दिली. बाई घाबरल्या, त्यांची बदली होऊ शकत होती. आम्ही गटातल्या चौघीजणी गेलो. मी त्यांना एवढंच विचारलं, शाळेचा माठ रोज कोण भरतं? सगळ्यांना माहीत होतं. सातवीच्या मुली भरत होत्या, कित्येक वर्षं, त्यावर कुणी कधी तक्रार केली नव्हती. बाप्ये गप्प झाले, पटलं म्हणून नव्हे, उत्तर सुचलं नाही म्हणून. मग शाळेने पाळ्या लावल्या, एक दिवस मुलगे, एक दिवस मुली. दिवाळीपर्यंत त्या चालल्या. सुट्टीनंतर पुन्हा मुलीच भरू लागल्या आणि आम्हांला कळलं तेव्हा जानेवारी उजाडला होता. पुन्हा भांडावं लागलं. तुमच्याकडेही असंच होईल, तेव्हा एकदा पाळ्या लावल्या की काम झालं असं समजू नका.

आता हरकतींबद्दल. पहिली हरकत नेहमी सुरक्षिततेची येते. मोठ्या मुलींची जबाबदारी कोण घेणार? भीती खोटी नाही, आपण रोज ज्या केसेस बघतो त्या घेऊनच मी बोलते आहे. पण लाकडाला आणि पाण्याला पाठवताना ही जबाबदारी कुणी विचारली नव्हती. शिवाय मुलगी ज्या रस्त्याने जायची ती जायचीच आहे. त्या रस्त्यावरचं झाड, वळण, घर, माणूस तिला दहाजणींबरोबर, दिवसाउजेडी, नीट बघता आलं तर तिची भीती कमी होते, असा आमचा अनुभव आहे. आमच्या फेरीत मुलींनी गावाचा नकाशा काढला तेव्हा ओढा, वड, बांध हे सगळं आलंच, पण ‘इथे मुलगे बसून बोलतात’ अशी एक खूणही तीन मुलींच्या नकाशात आली. एकाच जागी. ती खूण कुठल्याच पुस्तकाच्या ‘परिसर’ ह्या धड्यात नसते. त्या जागेचं पुढे काय केलं ते दुपारच्या सत्रात आमच्या गटातल्या ताई सांगतील.

दुसरी हरकत संडासाची, आणि ती अगदी बरोबर आहे. शिक्षण हक्क कायद्याने, २००९ च्या, शाळेत मुलामुलींना वेगळे संडास हवेत असं म्हटलं आहे. शाळेबाहेरच्या दिवसाबद्दल तो काही बोलत नाही. म्हणून आम्ही फेरीचा मार्ग आधी दोघीजणी चालून बघतो. वाटेत कुणाच्या घरचा संडास वापरता येईल ते विचारून ठेवतो. बाईंच्या पिशवीत पॅड, जुनी वर्तमानपत्रं, एक जादा परकर. सहलीच्या तयारीची यादी करताना मुख्याध्यापक पाण्याचा पिंप आणि प्रथमोपचाराची पेटी लिहितात. हे आपण लिहायचं.

तिसरी हरकत शिक्षिकेची स्वतःची, आणि ती ती मोठ्याने बोलत नाही. रविवारी फेरी म्हणजे तिचा धुण्याचा, दळणाचा आणि स्वतःच्या मुलांचा दिवस गेला. मुलग्यांचे शिक्षक गड चढतात तेव्हा घरी भाकरी तयार असते. म्हणून आमचा आग्रह असा की फेरी शाळेच्या दिवशीच, तासाच्या वेळातच व्हावी. लांब कशाला जायचं? तासाभरात ओढ्यावर जाऊन परत येता येतं. बसचे पैसे लागत नाहीत, म्हणजे गरीब मुलगी गळत नाही, आणि संमतीपत्रही लागत नाही. दोन तासांची अशी फेरी महिन्यातून एकदा झाली तर वर्षातून एकदाच्या सहलीपेक्षा जास्त मुली बाहेर पडतात. आमच्याकडे तसं दिसलं आहे.

चिपको आंदोलनाचं चित्र शाळेच्या भिंतीवर हमखास असतं, झाडाला मिठी मारलेल्या बायका. १९७४ साली रेणी गावात ठेकेदाराची माणसं झाडं तोडायला आली तेव्हा गावातले पुरुष नुकसानभरपाई घ्यायला चमोलीला गेलेले होते, आणि गौरादेवींनी बायकांना गोळा केलं, हे आपल्याला माहीत आहे. पण ती माणसं जंगलाकडे चालली आहेत हे आधी बघितलं एका लहान मुलीने, आणि ती पळत गौरादेवींकडे गेली, असं सांगतात. ती चित्रात नसते. आमच्या शाळेतल्या मुलींना मी हे सांगितलं तेव्हा एकीने विचारलं, “ती मुलगी तेव्हा काय करत होती तिथे?” मला उत्तर माहीत नव्हतं. वर्गाने आपापली उत्तरं दिली. पाण्याला गेली असेल, गवताला गेली असेल, बकऱ्या असतील. मागच्या बाकावरची एकजण म्हणाली, “उगाच उभी असेल.” सगळ्या हसल्या. मोळीवाली मुलगी ती हीच, आता आठवीत आहे.

चहा झाला की गटांत बसायचं आहे. प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या शाळेच्या संमतीपत्राचा नवा मसुदा लिहायचा आहे. त्यात आईच्या सहीची जागा हवी, आणि आईला सही येत नसेल तर अंगठ्याची. सातवीची ती मूळची प्रत मी बरोबर आणली आहे, ती एकच आहे, तेव्हा हातोहात फिरवा आणि मला परत द्या.